ताटामागची अक्षरे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी आहे, पाणी आहे, अजगर आहे, मधमाशी आहे. मी प्रवचनकार नव्हे, बँकेतला निवृत्त कारकून. पण गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आधी आमच्या घरातल्या एका चांदीच्या ताटाने मला जो पाठ दिला, तो आपल्यापुढे ठेवतो.

ताट आजोबांच्या काळचं. गुरुपौर्णिमा, गुरुद्वादशी, दत्तजयंती, एवढ्यालाच नैवेद्यासाठी निघायचं. मागच्या बाजूला झिजलेली अक्षरं होती. त्यातलं पहिलं 'गं' तेवढं वाचता येई. आजोबांचं नावही 'गं'नेच सुरू व्हायचं, त्यामुळे नाव त्यांचंच, असं सगळे धरून चाललो होतो. मीसुद्धा, साठ वर्षं.

त्या दिवशी आमच्या हिने चिंच आणि रांगोळी काढली, मी म्हटलं, थांब. चांदीचा काळेपणा लोखंडाच्या गंजासारखा नसतो, हवेतल्या गंधकाचा तो थर असतो. रांगोळीने घासलं की थराबरोबर चांदीही जाते, आणि पहिली जातात ती अक्षरं. पस्तीस वर्षं पुसट सह्या ताडून पाहिल्या, ती खोड कुठे जाते! दिवे घालवले आणि मोबाईलचा टॉर्च ताटाच्या कडेला आडवा धरला. उजेड समोरून टाकला तर काही दिसत नाही. आडवा टाकला की प्रत्येक कोरलेल्या रेघेत सावली बसते. मग पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकेच फिरवली, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसा.

'गं'च्या पुढे टिंब निघालं. त्याच्यापुढे 'भा.' गंगाभागीरथी! म्हणजे ते एका विधवा बाईचं नाव. पुढे 'कै.' करून तिच्या यजमानांचं नाव, 'यांचे स्मरणार्थ श्रीदत्तचरणी', मार्गशीर्ष शुद्ध १५, 'शके १८', मग एक आकडा साफ गेलेला, मग '५', 'श्रीमुखनाम संवत्सरे'. शेवटी 'वजन तोळे ४२'.

गेलेला आकडा काढायला पंचांगाचा ताळा आहे. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, श्रीमुख सातवा. १८०५ पासून १८९५ पर्यंत दहाही आकडे घालून पाहिले. बाकी ७ उरते ती फक्त १८५५ ला. त्यात ७८ मिळवले की १९३३. त्या सालच्या डिसेंबरातली दत्तजयंती.

सराफाकडे तोलूनही पाहिलं. ४२ तोळे म्हणजे ४९० ग्रॅम. काटा ४८१ वर थांबला. नऊ ग्रॅम आमच्या रांगोळीने खाल्ले.

नाव इथे छापत नाही. ते घर अजून आमच्या गावात आहे, चार वाड्या पलीकडे.

मग त्यांचं ताट आमच्याकडे कसं? आजोबांची केळीची वाडी होती, आणि अडल्यानडल्याला ते पैसे देत, एवढं ऐकलेलं. गहाण आलं असेल. विकतही घेतलं असेल. त्यांच्या दोन वह्या उरल्यात, मोडीतल्या. जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्या. केळीचे घड, बैलाची किंमत, गड्यांची मजुरी, सगळं सापडलं. ताट नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, नव्वद वर्षं झाली. आता कसला हिशोब?" कायद्याने त्याचं बरोबरही असेल. पण कर्ज फिटल्याची नोंद नाही, विक्रीची नोंद नाही, असं खातं मला बंद म्हणवेना.

आपण वसईकर. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ आणि बाळ येशूला घेतलेली मारिया. ती तर उघड उघड विजयाची लूट. तरी ती सर्वांसमोर टांगली, आणि वरचे आकडे कोणी घासून काढले नाहीत. आमचं ताट लुटीचं नव्हतं, पण आम्ही ते पाठ खाली करून ठेवलं आणि घासत राहिलो.

दत्तप्रभूंचा रोजचा फेरा आपल्याला ठाऊक आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. भिक्षेला झोळी, आणि झोळीवर कोणाचं नाव नसतं. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात श्रीगुरू दरिद्री ब्राह्मणाकडे घेवड्याच्या शेंगा जेवतात आणि जाताना अंगणातला वेलच उपटून टाकतात. घरची बाई रडते. मग मुळं खणताना द्रव्याचा कुंभ सापडतो. दर पारायणाला माझ्यातला कारकून विचारायचा, तो कुंभ पुरला होता कुणी? आता तिकडे लक्ष जात नाही. वेल उपटला हे डोळ्यांपुढे राहतं. त्या घराचा सगळा भरवसा त्या वेलावर होता. आमचा 'हे आपलं' या शब्दांवर होता.

दत्तजयंतीच्या सकाळी ताट फडक्यात बांधून आम्ही दोघं त्या घरी गेलो. भाऊ आला नाही. घरात त्या बाईंची नातसून होती, सत्तरीची. तिने छापाचा कागद खिडकीशी नेऊन दोनदा वाचला.

"भाऊ, आमच्या सासूबाई सांगायच्या, ताट विकलं म्हणून. तुम्हाला गहाण कोण म्हणालं?"

"कोणीच नाही, वहिनी. मला माहीत नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं, आपण उगाच जुनी गाठ सोडायला आलो. मग ती म्हणाली, "तुमचं का आमचं कशाला? बाईनं लिहिलंय ना, श्रीदत्तचरणी."

संध्याकाळी जन्माच्या वेळी ताट गावच्या दत्तमंदिरात होतं. सुंठवडा त्यातूनच वाटला. वहिनींनी एका बाजूने धरलं होतं, आमच्या हिने दुसऱ्या. यंदाही तेच ताट असेल. फक्त पुजाऱ्यांना सांगून ठेवलंय, रांगोळी लावू नका. पाण्याने धुवा आणि कोरड्या पंचाने टिपा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥