कृपेची खूण कोणी तपासावी?

एखाद्यावर देवाची कृपा झाली आहे की नाही, हे दुसऱ्या माणसाने ठरवावे काय? प्रश्न शास्त्रातला वाटतो. पण एका देशात तो घराघरांत शिरला, गावच्या कारभारात शिरला आणि शेवटी फासापर्यंत जाऊन पोहोचला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, ज्याला न्यू इंग्लंड म्हणतात तेथे, सतराव्या शतकात इंग्लंडहून गेलेल्या प्युरिटन लोकांनी वसाहती केल्या, त्यांची ही हकीकत आहे. साधकांनी ती सावकाश वाचावी, कारण ही माणसे दांभिक नव्हती. दांभिकांची गोष्ट सांगायला मला उत्साहही वाटला नसता.

प्युरिटन म्हणजे शुद्धीचा आग्रह धरणारे. हे नाव त्यांना विरोधकांनी चेष्टेने दिले. बिशपांचा अधिकार, भरजरी झगे, सणांचा थाट, जे बायबलात नाही ते उपासनेत नको, असे त्यांचे म्हणणे. १६२० मध्ये त्यांच्यातलाच, पण इंग्लंडच्या चर्चपासून साफ तुटलेला एक लहान गट प्लिमथला उतरला. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या पुढारीपणाखाली मोठा समुदाय आला आणि बोस्टन वसले. इकडे दख्खनवर मोठा दुष्काळ पडला होता तोच हा काळ.

त्यांचा सिद्धांत असा : कोणाला तारायचे हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवले आहे. दान, उपवास, सदाचार यांनी तो निर्णय फिरत नाही. मग सदाचार कशासाठी? तर ज्याच्यावर कृपा झाली त्याच्या हातून सदाचार आपोआप घडतो. ते कृपेचे कारण नव्हे, तिची खूण. येथेच मेख आहे. निर्णय देवापाशी गुप्त, आणि खूण मात्र माणसाच्या रोजच्या वागण्यात. म्हणून प्रत्येक जण स्वतःकडे पाहू लागला, आणि स्वतःकडे पाहून झाले की शेजाऱ्याकडे.

रोजचे जिणे त्यामुळे कसे झाले पाहा. शनिवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागे, तो रविवारी सूर्यास्तापर्यंत. त्या वेळात काम नाही, खेळ नाही, प्रवास नाही. सभाघरात सकाळी एक आणि दुपारी एक अशी लांबलचक प्रवचने. थंडीत आत शेगडीसुद्धा नसे. बोस्टनचा व्यापारी व न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याने १६८६ च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे की, प्रभुभोजनाची भाकर गोठून कडक झाली होती आणि मोडून ताटात टाकताना खडखडत होती. तरी माणसे बसून ऐकत. आमच्यासारख्या कीर्तनकाराला असा श्रोता हेवा वाटावा असाच आहे.

नाताळ पाळणाऱ्याला १६५९ पासून १६८१ पर्यंत पाच शिलिंग दंड होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ख्रिस्ती लोकांनीच नाताळ बंद केला होता! कारण बायबलात ती तारीख कोठे सांगितलेली नाही. मात्र प्युरिटन म्हणजे सदा आंबट तोंडाचे, ही समजूतही खोटी. ते बिअर पीत, रंगीत कपडे वापरत, संसार हा धर्मच मानत. आणि प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे म्हणून १६४७ मध्ये त्यांनी कायदा केला की, पन्नास घरांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकवणारा मास्तर ठेवलाच पाहिजे. मध्ये पुजारी नको, शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोनेही ग्रंथ हाती घ्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

मंडळी, पाळक, तारण हे शब्द नगरकडच्या वाचकांनी ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडी ऐकले असतील. १८१३ मध्ये मुंबईस आणि पुढे १८३१ मध्ये नगरला जे अमेरिकन मिशन आले, ते या प्युरिटनांच्याच वारशातल्या मंडळ्यांनी पाठवलेले. रेव्हरंड टिळक याच मिशनमध्ये होते. तोपर्यंत जुना कडकपणा पुष्कळ निवळला होता. माझे बोलणे त्याच्या दीडशे वर्षे आधीचे आहे.

तर मूळ मुद्दा. या लोकांना मंडळी अशी हवी होती की जिच्यात फक्त निवडलेलेच असावेत. म्हणून १६३० नंतरच्या दशकात रीत पडली : ज्याला मंडळीचा पूर्ण सभासद व्हायचे आहे त्याने आपल्यावर कृपा कशी झाली, पाप कसे कळले, आशा कशी उगवली, हे मंडळीपुढे सांगायचे. ऐकणाऱ्यांनी ते पारखून घ्यायचे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून सभासद पुरुषालाच मताचा हक्क. म्हणजे अंतरीच्या अनुभवाला बाहेर मोल आले. आणि ज्याला बाहेर मोल येते त्याचे सोंगही येते, हे आपण संसारात पाहतोच.

त्याहून वाईट ते पुढच्या पिढीत झाले. आजोबा समुद्र ओलांडून, सर्वस्व सोडून आले होते. त्यांना सांगण्यासारखे होते. नातू शेत नांगरत होता, भला होता, पण त्याला सांगण्यासारखा अनुभवच येईना. १६६२ मध्ये पाळकांनी तोड काढली की, अशांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, पण प्रभुभोजन नाही आणि मंडळीत मतही नाही. अर्धे आत, अर्धे बाहेर. पुढच्या दशकात दहा-बारा घरांमागे एक देखरेख्या नेमण्याचीही पद्धत आली.

नारदाच्या गादीवर पन्नास वर्षे उभा राहिलो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहताना हजारदा पाहिले. ते प्रेमाचे, घरच्या दुःखाचे, की शेजारचा रडतो म्हणून, हे मला एकदाही छातीठोक सांगता आले नसते.

स्यूअलच्या रोजनिशीतच १६९६ च्या जानेवारीतली एक नोंद आहे. त्याची मुलगी बेटी, वय चौदा. दुपारचे जेवण झाले आणि ती एकाएकी हंबरडा फोडून रडू लागली; तिच्या पाठोपाठ सारे घर रडले. आईने विचारले तेव्हा म्हणाली, आपण नरकात जाणार, आपल्या पापांची क्षमा झालेली नाही. बापाने वाचून दाखवलेले एक प्रवचन तिच्या मनाला लागले होते. बाप प्रेमळ होता. पण त्या सिद्धांतात लेकीला 'तू देवाची आहेस, भिऊ नकोस' असे निश्चयाने सांगण्याचा अधिकार बापाला नव्हता. पोराला पदराखाली घेणारी देवाची कल्पना ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडली आहे, त्यांनी त्या रात्रीचा थोडा विचार करावा.

याच माणसाने चार वर्षांपूर्वी सेलमच्या खटल्यात न्यायासनावर बसून निवाडे दिले होते. १६९२ मध्ये सेलम गावात काही मुली आकडी आल्यासारख्या तडफडू लागल्या आणि अमुकीचे रूप येऊन आम्हांला छळते, असे सांगू लागल्या. दुसऱ्या कोणाला न दिसणारे ते रूप कोर्टाने पुरावा म्हणून धरले. एकोणीस जण फासावर गेले, एकाला अंगावर दगड रचून मारले, काही तुरुंगात मेले. ज्यांनी 'होय, आम्ही सैतानाशी करार केला' अशी खोटी कबुली दिली ते त्या वर्षी वाचले. देवाला भिऊन खोटे बोलले नाहीत ते मेले.

रिबेका नर्स त्यांतली. वय एकाहत्तर, कानाने अधू, मंडळीची मान्य सभासद. शेजाऱ्यांनी तिच्या चांगुलपणाबद्दल सह्या करून अर्ज दिला. पंचांनी आधी तिला निर्दोष ठरवले, मग कोर्टाच्या सांगण्यावरून फिरून विचार करून दोषी ठरवले. मंडळीने तिला बहिष्कृत केले आणि १९ जुलैला तिला फाशी झाली. खूण तपासण्याचीच रीत असेल, तर ती उलटी वाचायला कितीसा वेळ लागतो?

१६९६ च्या डिसेंबरात स्यूअलची दोन वर्षांची मुलगी वारली. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाने घरी बायबलातला जो भाग वाचला त्यात, यज्ञापेक्षा दया थोर हे कळले असते तर तुम्ही निरपराध्यांना दोषी ठरवले नसते, अशा अर्थाचे वचन होते. ते ऐकून सेलमची आठवण त्याला जाळू लागली. १४ जानेवारी १६९७ हा उपवासाचा दिवस पाळला गेला. त्या दिवशी बोस्टनच्या सभाघरात त्याने पाळकांच्या हाती एक कागद दिला. त्या निवाड्याचा दोष आणि लाज मी माझ्या माथी घेतो, असा त्यातला आशय. पाळकांनी तो सर्वांपुढे वाचला आणि तेवढा वेळ स्यूअल आपल्या जागी उभा राहिला. वाचून झाल्यावर वाकला आणि खाली बसला. मुख्य न्यायाधीश स्टाउटन मात्र शेवटपर्यंत असा उभा राहिला नाही.

रिबेका नर्सवरचा बहिष्कार मंडळीने १७१२ मध्ये मागे घेतला.