पान कुठे तोडावं?

हजारो नोंदींची यादी संकेतस्थळावर एकाच वेळी दाखवता येत नाही. म्हणून ती वीस-वीस, पन्नास-पन्नास नोंदींच्या पानांत विभागतात. प्रोग्रामरच्या लेखी हे किरकोळ काम, चार ओळींत उरकणारं. मला मात्र या चार ओळींत वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा प्रश्न दिसतो. पानं पाडणारा नकळत वाचकाला शब्द देत असतो: शेवटपर्यंत गेलास तर एकही नोंद तुझ्या नजरेतून सुटणार नाही.

सर्वात रुळलेली पद्धत हा शब्द पाळत नाही. डेटाबेसशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेत ‘लिमिट’ (किती द्यायच्या) आणि ‘ऑफसेट’ (किती सोडायच्या) वापरून आपण डेटाबेसला सांगतो, की पहिल्या वीस नोंदी सोड आणि पुढच्या वीस दे. यादी गोठलेली असेल तर हे चालतं, पण बहुतेक याद्या हलत्या असतात. वाचक पहिल्या पानावर असताना त्यातली एक नोंद रद्द झाली, तर एकविसावी नोंद विसाव्या जागी सरकते. दुसरं पान उघडेपर्यंत ती पहिल्या पानात गेलेली असते, म्हणजे वाचकाला दोन्ही पानांवर ती दिसतच नाही. उलट वर नवी नोंद आली, तर विसावी पुन्हा दिसते. दुबार नोंद निदान खटकते. गळालेल्या नोंदीचा पत्ताही लागत नाही.

रेशनच्या रांगेत ‘माझा एकविसावा नंबर’ एवढंच लक्षात ठेवणारा गोंधळतो, ‘मी त्या निळ्या पिशवीवाल्या काकूंच्या मागे’ म्हणणाऱ्याची जागा टिकते. यादीचंही तसंच आहे. किती नोंदी सोडायच्या हे सांगण्याऐवजी शेवटची पाहिलेली नोंद कोणती, हे लक्षात ठेवायचं आणि तिच्यापुढच्या मागायच्या. त्यासाठी क्रम पक्का हवा. क्रम सांगणारं ‘ऑर्डर बाय’ लिहिलं नाही, तर एसक्यूएल कोणत्याच क्रमाची हमी देत नाही. नुसत्या तारखेवर क्रम लावला, तर एकाच तारखेच्या नोंदींची अदलाबदल होऊ शकते. म्हणून तारखेच्या जोडीला प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र क्रमांकही लागतो. योग्य इंडेक्स, म्हणजे डेटाबेसने क्रमाने लावून ठेवलेली सूची, असेल तर वेगही वाढतो. मोठ्या ऑफसेटसाठी डेटाबेसला लाखभर नोंदी वाचून टाकून द्याव्या लागतात, ते श्रम वाचतात.

या पद्धतीत थेट सदतिसाव्या पानावर उडी मारता येत नाही. विकिपीडियाच्या वर्गांत साधारणपणे दोनशे पानांची नावं एकत्र दिसतात आणि पुढे-मागे जाण्याचे दुवे असतात, पानांचे क्रमांक नसतात. संपूर्ण यादी हाताळायची असेल, तर क्रमांकाची सोय सोडून देण्यात शहाणपण आहे असं मला वाटतं.

पण पानांनी आणखी एक गोष्ट दिली होती: थांबण्याची जागा. 2006 मध्ये इंटरफेस रचनाकार एझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना साकारली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. गूगलने 2021 मध्ये मोबाइलवर आणि 2022 मध्ये संगणकावर शोधाचे निकाल सलग सरकते केले आणि 2024 मध्ये ते मागे घेतलं. पान संपलं की माणूस क्षणभर ठरवतो, पुढे जायचं की पुरे. सलग सरकणाऱ्या यादीत ते ठरवायचं राहूनच जातं. विरंगुळ्याला आलेल्या माणसाचा वेळ असा हातोहात काढून घेणं मला सोय वाटत नाही.

आता पुन्हा गळणाऱ्या नोंदीकडे येऊ. शिष्यवृत्तीला पात्र ठरलेल्या मुलांची यादी एखादा प्रोग्राम पानापानाने वाचून दुसऱ्या नोंदवहीत उतरवत आहे, असं समजा. मधेच एक नाव रद्द होतं आणि पानाच्या सीमेवरचं दुसरंच मूल वगळलं जातं. प्रोग्राम कुठलीही चूक दाखवत नाही, एकूण आकडाही जवळपास जुळतो. त्या मुलाने चौकशी करेपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माणसांच्या याद्या हाताळणाऱ्या प्रत्येकाने, चाचणी करताना, पानं वाचली जात असतानाच मुद्दाम एक नोंद काढून पाहावी आणि बाकीची सगळी नावं हाती लागतात का ते मोजावं.