जुन्या दारावरचा रंग

नगरच्या माळीवाड्यातला, तोफखान्यातला किंवा संगमनेरच्या पेठेतला एखादा वाडा दुरुस्तीला निघाला की आधी माळवदाची माती आणि तुळयांची वाळवी पाहिली जाते. दारे-खिडक्यांवरचा ऑइल पेंट फक्त खरवडायचा असतो. पण खरा धोका त्याच रंगातल्या शिशाचा. भिंतीच्या चुन्यात शिसे नसते. ते असते लाकडावरच्या आणि लोखंडावरच्या जुन्या तेलरंगात. सफेदा शिशाचा, पिवळा शिशाच्या क्रोमेटचा, गजांना गंज चढू नये म्हणून दिलेला पहिला हात शेंदराचा, आणि तो शेंदूरही शिशाचाच ऑक्साइड. रंग लवकर वाळावा म्हणून तेलातही शिशाची संयुगे मिसळत.

घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त नसावे हा नियम भारतात २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. अमेरिकेने घरांसाठी शिसेयुक्त रंग १९७८ मध्येच बंद केला होता. आपला नियम नव्या डब्यासाठी आहे, दारावर आधीच चढलेल्या थरांसाठी नाही. तिथे मालकाचा विवेक एवढाच कायदा.

घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. कोरड्या काचपेपरने घासाई सुरू झाली की त्याची धूळ होते आणि ब्लो लॅम्पने जाळला की विषारी धूर. धूळ उंबऱ्यावर, खिडकीच्या चौकटीत, फरशीवर बसते. रांगते मूल तिथेच हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. गिळलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाचपट शोषले जाऊ शकते. त्याने मेंदूची वाढ खुंटते. हाडांत साठलेले शिसे गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरते. रक्तातली त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळी कुणाला ठाऊक नाही.

तपासणी अवघड नाही. पात्याने लाकडापर्यंत सगळे थर कापून काढलेला तुकडा प्रयोगशाळेत दिला की शिशाचे प्रमाण कळते. वरचाच पोपडा पाठवला तर नवा रंग तपासला जातो आणि खालचा सुटतो. क्ष-किरणांवर चालणारे एक्सआरएफ यंत्र रंग न खरवडता जागेवरच शिसे मोजते. रंग बदलून दाखवणारी किट स्वस्त असतात, पण त्यांच्या ‘नाही’वर विसंबू नये.

पैसे मालकाचे आणि धूळ दुसऱ्याच्या छातीत, ही यातली खरी अडचण. धूळ जाते पेंटरच्या, घासाईला लावलेल्या मजुराच्या, भाडेकरूच्या मुलांच्या शरीरात. मजुराच्या कपड्यांवरून त्याच्या घरातही. शिसे निघाले तर काम महागेल म्हणून न तपासणाऱ्याला नंतर ‘माहीत नव्हते’ म्हणता येत नाही, कारण ते न कळण्याची व्यवस्था त्यानेच केलेली असते.

शिसे निघाले तरी सगळा रंग काढावाच असे नाही. घट्ट असेल तर त्यावर नवा हात देता येतो. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला घासावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, मजुराला धूळ अडवणारा चांगला मास्क द्यावा. मुलांनी आणि गरोदर बाईने काम संपेपर्यंत दुसरीकडे राहावे. आणि उरलेल्या रंगीत फळ्या बंबात घालू नयेत: शिसे जळून नाहीसे होत नाही, काही धुरात जाते, बाकीचे राखेत उरते, आणि त्या राखेने कुठे ना कुठे भांडी घासली जातात.