मात्रा कोणी ठरवावी?

मराठी भाषेत ‘मात्रा’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. अक्षराच्या डोक्यावर देतात ती मात्रा, वृत्तात मोजतात ती मात्रा आणि आजीबाई सहाणेवर उगाळून मधातून चाटवीत असत तीही मात्राच. या सर्वांच्या मुळाशी प्रमाणाची कल्पना आहे. एखाद्यापुढे कोणाचेच काही चालेनासे झाले की ‘त्याच्यापुढे मात्रा चालत नाही’ असे आपण म्हणतो. कंपवात, ज्यास डॉक्टर पार्किन्सनचा विकार म्हणतात, तो अशा हट्टी विकारांपैकी एक होय. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी एका छोट्या निबंधात त्याचे वर्णन केले. त्यास दोनशेहून अधिक वर्षे लोटली. लक्षणे आवरणारी औषधे मिळाली, परंतु मेंदूतील पेशींचा ऱ्हास निश्चितपणे थांबवील असे औषध अद्याप हाती आलेले नाही. अशा वेळी रुग्णाने आशा कशावर ठेवावी आणि किती ठेवावी, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त शिक्षक आहेत. सारे गाव त्यांस गुरुजी म्हणते, आम्हीही म्हणतो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांस कम्युनियन देण्यासाठी आम्ही जातो, त्यांत त्यांचे घर असते. सात वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. पुढे चाल मंदावली आणि ज्या हाताने फळ्यावर मोत्यांसारखी अक्षरे काढली, त्या हाताची अक्षरे आक्रसत जाऊन मुंगीएवढी झाली. एका शुक्रवारी त्यांनी काही कागद आमच्या हाती दिले. परदेशी असलेल्या मुलाने ते पाठविले होते. ‘ब-१’ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतल्याने काही रुग्णांस आराम पडल्याचे त्यांत लिहिले होते. “फादर, घेऊन पाहू का?” त्यांनी विचारले. आम्ही कागद चाळले आणि म्हणालो, “गुरुजी, जीवनसत्त्वच ते. त्याने काय बिघडणार? देवाचे नाव घेऊन सुरू करा.”

ते वाक्य आज आम्हांस टोचते. का टोचते ते सांगण्यापूर्वी त्या कागदांतील आशेला न्याय दिला पाहिजे, कारण ती आशा निराधार नव्हती. ‘ब-१’ अर्थात थायमिन. त्याच्या अभावाने बेरीबेरी होतो आणि मज्जातंतू दुबळे होतात, हे विज्ञानाने कधीच सिद्ध केले आहे. निरोगी माणसाची रोजची गरज एक-दोन मिलिग्रॅमची. इटलीतील डॉ. अंतोनिओ कोस्तांतिनी यांनी कंपवाताच्या रुग्णांस आठवड्यातून दोनदा शंभर मिलिग्रॅमची इंजेक्शने दिली आणि २०१५ साली पन्नास रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्ण सुधारल्याचे त्यांत नमूद आहे. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी लटके औषध घेणारा गट नव्हता. आपण काय घेत आहोत हे रुग्णांसही ठाऊक होते आणि डॉक्टरांसही.

कोणी म्हणेल, मग ते सारे मनाचे खेळ. इतक्या घाईने निकाल देऊ नये. या रोगाच्या मुख्य औषधाचा, लेव्होडोपाचा, इतिहास हा मात्रेच्या चिकाटीचाच इतिहास आहे. आरंभीच्या प्रयोगांत अल्प मात्रेने आलेला गुण टिकेना, म्हणून अनेकांनी नाद सोडला. १९६७ साली डॉ. जॉर्ज कोत्झियास यांनी अगदी थोड्यापासून आरंभ करून मात्रा हळूहळू पुष्कळ वाढविली आणि जखडलेली माणसे उठून चालू लागली. त्यांनीही ‘एवढे पुरे’ म्हटले असते तर? परंतु गोष्ट तेथे संपत नाही. त्यांचा दावा इतरांनी तुलनात्मक चाचण्यांत पारखून घेतला व तो टिकला.

सगळेच दावे टिकत नाहीत. ‘ई’ जीवनसत्त्वाकडूनही अशीच अपेक्षा होती. अमेरिकेत आठशे रुग्णांवर, रोज दोन हजार युनिट देऊन त्याची परीक्षा झाली. १९९३ साली निष्कर्ष आला की रोगाच्या वाटचालीत काही फरक पडला नाही. सहघटक क्यू-१० या जीवनसत्त्वसदृश द्रव्याने २००२ साली ऐंशी रुग्णांच्या छोट्या चाचणीत आशा दाखविली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सहाशे रुग्णांच्या चाचणीत ती मावळली.

यांहून विचारप्रवृत्त करणारी गोष्ट व्हँकुव्हरची. २००१ साली तेथील संशोधकांनी दाखविले की केवळ औषधाच्या अपेक्षेने, लटक्या औषधानेसुद्धा, या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवते. आणि कंपवातात उणे पडते ते नेमके हेच द्रव्य. म्हणजे “मला बरे वाटले” असे जो सांगतो तो खोटे बोलत नाही. त्याचा आराम खरा असतो. परंतु खरा आराम म्हणजे औषधाच्या गुणाचा खरा पुरावा नव्हे. या दोन सत्यांतील भेद जपणे हे, आमच्या मते, येथील पहिले नैतिक कर्तव्य होय. रुग्णाचा अनुभव जो हसण्यावारी नेतो तो एका सत्याचा अपमान करतो; त्या अनुभवावरून जो दुसऱ्यास मात्रा सांगतो तो दुसऱ्याचा.

सेमिनरीत ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकताना एक दृष्टान्त आम्ही घोकला होता. दहा माप अन्न फार होते आणि दोन माप थोडे, म्हणून सर्वांस सहा माप द्यावे असे तालीम देणारा ठरवीत नाही. मायलो नामक मल्लास ते अपुरे पडेल, नवशिक्याला जड जाईल. सद्‌गुणाचा मध्य हा गणिताचा मध्य नसून आपल्या सापेक्ष असलेला मध्य होय. ‘ज्याची त्याने आपली मात्रा शोधावी’ असे जे सांगतात, त्यांच्या म्हणण्यात हे सत्य आहेच. परंतु त्या दृष्टान्तात तालीम देणाराही उभा आहे, हे आपण विसरतो. मात्रा माझ्यापुरती असली तरी ती ठरविण्यास माझी एकट्याची दृष्टी पुरते असे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या अंगांत शिकण्याची तयारी गणली आहे, ती याचसाठी. या बाबतीत कोणीही सर्वस्वी स्वयंपूर्ण नसतो, असा त्यांचा अभिप्राय आहे.

गुरुजींच्या बाबतीत काय झाले? सहाशे मिलिग्रॅम ‘ब-१’ घ्यावे असे त्यांनी कागदांवरून ठरविले. दुकानात मिळालेल्या गोळीत ‘ब’ वर्गातील तीन जीवनसत्त्वे एकत्र होती. एका गोळीत शंभर मिलिग्रॅम ‘ब-१’, म्हणून दिवसाला सहा गोळ्या. त्याच गोळीत ‘ब-६’ देखील शंभर मिलिग्रॅम होते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. म्हणजे रोज सहाशे मिलिग्रॅम ‘ब-६’ पोटात जाऊ लागले. त्याची गरज असते दोन मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. अमेरिकेत प्रौढांसाठी त्याची वरची सीमा शंभर मानतात; युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली ती बारावर आणली. दीर्घकाळ अतिरिक्त घेतलेले ‘ब-६’ संवेदनेच्या मज्जातंतूंस इजा करते. प्रथम गुरुजींना खरोखर हुशारी वाटली. काही महिन्यांनी तळपायांस मुंग्या येऊ लागल्या, पायाखालची जमीन कळेनाशी झाली आणि तोल जाऊ लागला. रोग वाढला असे समजून त्यांनी गोळ्या आठ केल्या. ज्या विषाने पाय बधिर होत होते, तेच औषध म्हणून वाढत गेले. एके दिवशी ते अंगणात पडले.

त्यांस वाचविले ते त्यांच्या शिक्षकी सवयीने. रोज काय घेतले, किती वाजता घेतले, कसे वाटले, हे ते एका वहीत टिपून ठेवीत. मेंदूविकारतज्ज्ञांनी ती मुंगीएवढी अक्षरे भिंग लावून वाचली, गोळ्यांची पट्टी मागवून पाहिली आणि त्या बंद केल्या. ‘ब-१२’ तपासले, कारण लेव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते उणे पडण्याचा संभव असतो. गुरुजींनी भीत भीत विचारले की ‘ब-१’ अजिबात वर्ज्य का? डॉक्टर रागावले नाहीत. सुटे ‘ब-१’, ठरलेल्या मात्रेत, मूळ औषध तसेच चालू ठेवून, एका वेळी एकच बदल करून, तीन महिने पाहू. गुण नाही आला तर थांबू, असे ते म्हणाले. विचारणाऱ्याची आशा आणि आपले ज्ञान या दोहोंचा त्यांनी मान राखला. ते आम्हांस जमले नव्हते.

आमचा दोष अज्ञानाचा नव्हता. औषधाचे अज्ञान धर्मगुरूस लाजिरवाणे नाही. दोष असा की आम्हांस ठाऊक नाही, हे सांगण्याचा कंटाळा आम्ही केला. पुढच्या घरी जायचे होते. धीर देणे सोपे होते, चौकशी करणे अवघड. शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री आहे. अनेक वैद्यांपायी तिने सर्वस्व वेचले आणि तिचा आजार बळावला होता. प्रभूने त्या धडपडीबद्दल तिला बोल लावला नाही. आणि बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण तोही परमेश्वरानेच नेमलेला आहे. या दोन्ही गोष्टी आम्ही वेदीवरून कितीदा तरी सांगितल्या असतील. त्या दिवशी देवाचे नाव घेऊन सुरू करा, असे म्हणताना आम्ही ते नाव अभ्यासाच्या जागी वापरले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गुरुजींची क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, “फादर, विद्यार्थी चुकला तर दोष निम्मा मास्तरचा, हे खरे. पण वही मीही तपासली नव्हती.” त्यांच्या तळपायांची बधिरता आता पुष्कळशी ओसरली आहे, सर्व नाही. हाताचा कंप आहे तसाच आहे. ‘ब-१’चे तीन महिने अजून पुरे व्हायचे आहेत. वहीत रोज एक ओळ वाढते आणि दर महिन्याला ती वही घेऊन त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाण्याचे काम आम्ही मागून घेतले आहे.