भय गेल्यावर राई कोणी राखावी?

सह्याद्रीच्या पुष्कळ गावांत देवराई, राई अथवा रहाटी या नावाने जुन्या झाडांचा एक तुकडा राखलेला असतो. तेथील काटकीसही हात लावल्यास देवतेचा कोप होईल, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आता ज्यांनी एका सत्य देवाचा आश्रय केला, त्यांस रानातील दैवताचे भय उरले नाही. मग त्या राईवर कुऱ्हाड चालविण्यास त्यांस प्रतिबंध तो कोणता? प्रश्न लहान दिसतो, परंतु त्यात धर्माचरणाचे मर्म आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम, राई काय करते हे पाहावे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या संशोधकांनी सन १९७६ मध्ये पश्चिम घाटातील देवरायांविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहणीतील एक गाव रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील गाणी. तेथील रहाटी तुटण्याची वेळ आली, तेव्हा ती वाचावी म्हणून ग्रामस्थांनीच खटपट केली. त्यांच्या तोंडी केवळ देवीचे नाव नव्हते. ओढ्याचे पाणी त्या झाडीवर अवलंबून आहे, हेही ते जाणत होते. झाडांची मुळे व पाचोळा पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवितात, आणि तेच पुढे हळूहळू झऱ्यास मिळते. हे पाणी भजणाऱ्याच्या व न भजणाऱ्याच्या घागरीत सारखेच पडते.

दुसरे, धनेश पक्ष्याकडे पाहा. जुनाट वृक्षाच्या ढोलीत मादी अंडी घालते व एक फट ठेवून ढोलीचे तोंड लिंपून घेते. नर बाहेरून फळे आणून त्या फटीतून तिला व पिलांना भरवितो. असा एक वृक्ष पाडला म्हणजे ते सबंध घर मोडले. ही फळे खाऊन धनेश दूरदूर बिया टाकतो, म्हणून पुढील रानही मोडले. पक्षिणी पिलांवर बसली असता तिला धरू नये, असे अनुवादाच्या पुस्तकात आहे. वेढा घातलेल्या नगराची फळझाडेही तोडू नयेत, असे तेथेच आहे. शत्रूच्या झाडांविषयी जर ही आज्ञा, तर शेजाऱ्याच्या राईविषयी काय म्हणावे?

आमचे उत्तर असे आहे. भयाने राई राखिली हे खरे, आणि ज्यांनी ती राखिली त्या शेजाऱ्यांची थट्टा करणे आम्हांस शोभत नाही. परंतु भय हा पक्का राखणदार नव्हे. कौल लावून व मान देऊन झाडे तोडण्याची परवानगी मिळविता येते. आणि राईच्या हद्दीबाहेर तर भयाचा अंमल मुळीच चालत नाही. पहिल्या मनुष्यास बाग मिळाली ती मशागतीसाठी व राखणीसाठी, असे उत्पत्तीत आहे. जो स्वतःस मालक नव्हे तर कारभारी समजतो, त्याला हिशेब द्यावयाचा आहे. आणि तो राईपुरता नाही, सबंध डोंगराचा आहे. ज्याचे भय गेले त्याचे कर्तव्य गेले नाही, उलट वाढले.

कोणी म्हणेल, चूल पेटविण्यास लाकूड हवे, गरिबाने काय करावे? त्याची अडचण खरी आहे. सुकून पडलेली फांदी गोळा करणाऱ्या मातेस आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो थोड्या रुपयांसाठी हिरवा वृक्ष ठेकेदारास दाखविणाऱ्याचा, शिकारीसाठी वणवा लावणाऱ्याचा, आणि ते पाहून गप्प बसणाऱ्याचा.

म्हणून, बंधुजनहो, गावात राई तोडण्याची गोष्ट निघेल तेव्हा आपल्या मंडळीतील माणसे कोणत्या बाजूस उभी राहतात, याकडे सारा गाव पाहील. तेथे पूजेत भाग न घेताही राखणीत भाग घेता येतो. उपदेशकांनी हे लोकांस समजावून सांगावे, आणि पावसाच्या आरंभी मंडळीच्या जागेत चार देशी रोपे लावून व जगवून दाखवावे.