जन्मस्थानाचा रकाना

कोल्हापुरात पोस्टखात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींनी १८७८ साली अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिले. रॉयल वाइल्डर हे ते मिशनरी. पूर्वी ते कोल्हापुरातच मिशनचे काम करून गेले होते. गोपाळरावांचे मागणे साधे होते. आपल्याला अमेरिकेत पोटापाण्याचे काम मिळावे आणि पत्नी आनंदीबाईंना शिकता यावे. उत्तर आले, पण अटीसह: दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. जोशी दांपत्याने ती अट मानली नाही. हा पत्रव्यवहार वाइल्डरांच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार उघडले. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या, पतीशिवाय.

आजच्यासारखा व्हिसा तेव्हा नव्हता. तरी अडवणूक दोन्ही किनाऱ्यांवर होती. अलीकडच्या किनाऱ्यावर समुद्रगमनाचा निषेध होता. धर्मशास्त्राने कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींत समुद्रप्रवास केलेल्या द्विजाशी व्यवहारही मोडत असे. निघण्याआधी सेरामपूरला केलेल्या भाषणात आनंदीबाईंना याचा जाहीर खुलासा करावा लागला. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पलीकडच्या किनाऱ्यावर तर वर्षभरापूर्वीच, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना कायद्याने प्रवेश बंद केला होता.

कष्ट करून जगायला दुसऱ्या देशात जाऊ पाहणाऱ्या माणसावर कोणती अट घालणे न्याय्य, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. तुला काय येते, असे विचारता येईल. तुझी वागणूक कशी आहे, असेही विचारता येईल. तुझी श्रद्धा कोणती, हे विचारणे जोशींना मान्य झाले नाही आणि आज बहुतेक लोकशाही देशांनाही ते मान्य नाही. उरतो चौथा प्रश्न: तू जन्मलास कुठे? हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर कुटुंबांची आयुष्ये ठरतात.

पुण्यातला एखादा इंजिनीअर बायकोमुलांसह अमेरिकेला जायचे ठरवतो तेव्हा त्याची गाठ आधी नोकरीशी पडते, कारण एच-१बी व्हिसासाठी अर्ज तो स्वतः करूच शकत नाही. तो तिथल्या मालकाने करायचा असतो. काम पदवीच्या तोडीचे आहे आणि पगार त्या भागातल्या प्रचलित वेतनाहून कमी नाही, हे मालकाला दाखवावे लागते. वर्षाला ६५,००० व्हिसा, शिवाय अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज याच्या कितीतरी पट येतात, म्हणून वर्षानुवर्षे सोडत काढली गेली. मुलाखत उत्तम झाली, कंपनीने होकार दिला, आणि सोडतीत नाव आले नाही, असे हजारो घरांत झाले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यावर मालकांचा हातही आखडला.

व्हिसा मिळाला तरी तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की सहसा ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर घर आवरायचे. जोडीदाराला एच-४ मिळतो. त्यावर काम करण्याची मुभा २०१५ पासून काहींना मिळाली, तीही ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचली असेल तरच. घरात डॉक्टरकी किंवा सीएची पदवी कपाटात ठेवून बसलेल्या स्त्रिया या नियमाची किंमत चुकवत आल्या आहेत.

आणि मग ग्रीन कार्डची रांग. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडला हीच मर्यादा आणि भारतालाही हीच. त्यामुळे भारतात जन्मलेल्या बहुतेकांना दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडून रांगेची तारीख आपल्या ‘प्रायॉरिटी डेट’च्या किती जवळ आली हे पाहणे हा तिथल्या मराठी घरांचा नेम होऊन बसला आहे. येथे नागरिकत्व मोजले जात नाही, जन्मस्थान मोजले जाते. भारतात जन्मून कॅनडाचा नागरिक झालेला माणूसही भारताच्याच रांगेत राहतो. समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला दादरला जन्मला, धाकटा वडील मस्कतला नोकरीला असताना तिथे. शिक्षण तेच, कंपनी तीच. थोरला भारताच्या रांगेत, धाकटा ओमानच्या. थोरल्याची बायको नेपाळात जन्मलेली असेल तर मात्र तिच्या जन्मस्थानाच्या आधारे त्यालाही भारताच्या रांगेबाहेर पडता येते.

मुलांचे तर याहून कठीण. दोन वर्षांची असताना नाशिकहून नेलेली मुलगी तिथल्या शाळेत वाढते आणि आईवडिलांचे ग्रीन कार्ड येण्याआधी २१ वर्षांची झाली की त्यांच्या अर्जातून बाहेर पडण्याची वेळ तिच्यावर येऊ शकते. २००२ च्या एका कायद्याने वयाच्या हिशेबात काही सूट दिली, पण लांब रांगेपुढे ती अनेकदा अपुरी पडते. तिचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत जन्मला म्हणून अमेरिकन नागरिक. एकाच ताटात जेवलेली ही दोन भावंडे कायद्यासमोर दोन वेगळ्या जातींची ठरतात.

अशा वेळी माणूस देवाकडे वळतो. हैदराबादजवळच्या चिलकूर बालाजीला लोक ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. नवस बोलताना ११ प्रदक्षिणा, काम झाल्यावर १०८. जालंधरजवळच्या तल्हण गावच्या गुरुद्वारात परदेशी जाऊ इच्छिणारे खेळण्यातली विमाने वाहत आले आहेत. या श्रद्धेला हिणवण्याचे कारण नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यात काही मिळावे म्हणून भजणारा अर्थार्थीही आहे, आणि चौघांनाही तिथे उदार म्हटले आहे. अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे मोजताना दैवाला पाचवे स्थान दिले आहे. सगळे करून झाल्यावर जे आपल्या हाती उरत नाही, ते कोणाच्या तरी पायाशी ठेवावे, ही माणसाची खरी गरज आहे.

पण दैव म्हणजे नेमके काय, हे नीट पाहायला हवे. विमान ऐन वेळी रद्द होणे, परीक्षेच्या दिवशी ताप येणे, हे दैव म्हणता येईल. ६५,००० हा आकडा दैवाने ठरवला नाही. तो १९९० च्या कायद्यात आहे. ७ टक्क्यांची मर्यादाही त्याच कायद्यातली. माणसांनी सभागृहात मते देऊन ती ठरवली आणि माणसांनाच ती बदलता येते. कायद्याने केलेल्या भेदाला प्रारब्ध म्हटले की त्याचा जाब कोणाला विचारायचा हेच विसरले जाते. मराठी समाजाला ही चूक ओळखीची असायला हवी. जन्म हे पूर्वकर्माचे फळ आहे, म्हणून जन्मानुसार मिळालेली जागा न्याय्य आहे, असे इथे शतकानुशतके सांगितले गेले. तो सिद्धांत मनापासून मानणाऱ्यानेही व्हिसाच्या रांगेत उभे राहून ‘माझ्या पूर्वकर्मानेच मी आइसलँडऐवजी सोलापुरात जन्मलो’ असे म्हणून समाधान मानल्याचे दिसत नाही. त्याला अन्याय झाल्यासारखे वाटते. ते वाटणे बरोबर आहे आणि त्याचा अर्थ शेवटपर्यंत नेला पाहिजे.

जन्मावरून अडवले गेल्यावर माणूस दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो. इतिहासात दोन्ही उत्तरे नोंदलेली आहेत.

पहिले उत्तर भगतसिंग थिंद यांचे. पंजाबात जन्मलेले थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा, की ते उच्चवर्णीय आहेत, आर्य आहेत, म्हणजे गोरेच. उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींशी विवाहसंबंध टाळतो, जसा गोरा अमेरिकन काळ्या माणसाशी टाळतो, हेही पुरावा म्हणून मांडले गेले. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सामान्य माणसाच्या समजुतीत भारतीय गोरे नाहीत, एवढे कारण न्यायालयाला पुरले. या निकालानंतर आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेतली गेली. अशांपैकी वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. थिंद यांना १९३६ मध्ये सैनिकी सेवेच्या आधारे नागरिकत्व मिळाले. त्यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण त्यांच्या युक्तिवादाने भिंतीला हात लावला नाही. आपल्याला भिंतीच्या आत घ्या, एवढेच मागितले.

दुसरे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. अटीप्रमाणे संस्थानची नोकरी करायला १९१७ मध्ये बडोद्याला आले, आणि राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. नोकरी होती, पदवी होती, संस्थानाधिपतीचा पाठिंबा होता, देशही स्वतःचाच होता. हा आणि दौलताबाद किल्ल्यावर १९३४ मध्ये पाण्यावरून झालेला अपमान, असे अनुभव त्यांनी ज्या छोट्या आत्मपर लेखनात मांडले त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. पुढे कोलंबियातही हे लेखन अभ्यासाला लावले गेले. माझा जन्मही उच्चच आहे, असे आंबेडकर त्यात कुठेही म्हणत नाहीत. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये तर त्यांनी जन्मावर उभी असलेली व्यवस्था आणि तिला आधार देणारी शास्त्रप्रामाण्याची श्रद्धा, दोन्हींवर घाव घातला. स्वतःला आत घ्या, असे त्यांचे मागणे नव्हते. जन्म हा निकषच नको, असे होते.

देशांच्या सीमांनाही हे लागू होते का, यावर तत्त्वज्ञांत मोठा वाद आहे. जोसेफ कॅरन्स यांनी १९८७ मध्ये मांडले की श्रीमंत देशाचे नागरिकत्व हे सरंजामी काळातल्या जन्मसिद्ध विशेषाधिकारासारखे आहे आणि त्याचे समर्थन करणे तितकेच अवघड आहे. त्याआधी १९८३ मध्ये मायकल वॉल्झर यांनी उलट बाजू सांगितली होती. आपल्यात कोणाला घ्यायचे हे ठरवता आले नाही तर समाजाला स्वतःचे असे रूपच उरणार नाही. ही बाजू हलकी नाही. भाषा, कामगारांचे हक्क, परस्परांविषयीचे उत्तरदायित्व ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले त्यांचा त्यावर काही अधिकार आहे. मात्र याच वॉल्झर यांनी हेही ठामपणे सांगितले की ज्यांना एकदा कामासाठी आत घेतले, त्यांना कायमचे पाहुणे-मजूर ठेवणे म्हणजे जुलूम. त्यांच्यापुढे नागरिकत्वाची वाट खुली असलीच पाहिजे. म्हणजे सीमांचा हक्क मानणाऱ्या तत्त्वज्ञाच्या कसोटीवरही दशकभर कर भरून, मुले वाढवून जन्मस्थानामुळे ताटकळणाऱ्या कुटुंबाची तक्रार खरी ठरते.

हीच तक्रार करणाऱ्या समाजाची परीक्षा २०२३ मध्ये झाली. फेब्रुवारीत सिअ‍ॅटल नगर परिषदेने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. अमेरिकेतले हे पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे सांगून गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. दोन्हीकडे स्थलांतरित भारतीयांच्या काही संघटनांनी कडाडून विरोध केला. अशा कायद्याने सगळ्या हिंदूंकडे संशयाने पाहिले जाईल, ही त्यांची भीती होती. ती भीती प्रामाणिक असू शकते, तिची दखलही घ्यायला हवी. पण ऑफिसात आडनाव विचारून अंदाज घेतला जातो असे सांगणारे दलित सहकारीही त्याच इमारतींत काम करतात, त्यांचेही व्हिसा त्याच रांगेत आहेत. जन्माच्या देशावरून आपल्याला मागे ठेवले याचा संताप आणि जन्माच्या जातीवरून दुसऱ्याला मागे ठेवण्याबद्दल मौन, या दोन गोष्टी एका मनात शांतपणे नांदू नयेत.

७ टक्क्यांची मर्यादा हटवण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि विषय तिथेच थांबला. तेव्हा घेतलेला एक आक्षेप विचार करायला लावणारा होता: एकूण ग्रीन कार्डे तेवढीच ठेवून मर्यादा काढली, तर छोट्या देशांतून आलेले संशोधक आणि परिचारिका मागे ढकलल्या जातील. या आक्षेपाला उत्तर आहे. मर्यादा काढतानाच एकूण संख्या वाढवावी, जोडीदार आणि मुले कोट्यात मोजू नयेत, आणि लहानपणी आलेल्या मुलांचे अर्ज २१ व्या वर्षी बाद होऊ नयेत. ही मागणी करताना भारतीय संघटनांनी इराणी, ब्राझिली आणि फिलिपिनी अर्जदारांना बरोबर घ्यावे, आणि त्याच निवेदनात जातिभेदावरील बंदीलाही पाठिंबा लिहावा. थिंद यांच्या वकिलांनी १९२३ मध्ये जो युक्तिवाद केला तो पुन्हा न करण्याचा हा प्रत्यक्षातला मार्ग आहे, आणि विधेयक पुढच्या वेळी सभागृहात येईल त्याआधी तो स्वीकारायला पुरेसा वेळ आहे.