देह कोणाचा, दायित्व कोणाचे?

बुऱ्हाणपुरात वाढलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट लहानपणीच कळते : १६३१ साली मुमताज महल येथे आपल्या चौदाव्या बाळंतपणात गेली आणि तापीपलीकडे जैनाबादेत तिचे पहिले दफन झाले. आपण ही कहाणी प्रेमाची म्हणून सांगतो. पण स्वतःच्या देहावर सत्ता नसलेल्या एका स्त्रीचीही ती कहाणी आहे. सम्राज्ञीला जे लाभले नाही, ते विसाव्या शतकातील औषधशास्त्राने सामान्य स्त्रीच्या हाती दिले. गर्भनिरोधक गोळी आली, पुढे महिन्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन आले. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र असतात.

हेच जोड-इंजेक्शन काही देशांत, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, निराळ्या हेतूनेही घेतले जाते. पुरुषदेहात जन्मलेल्या, परंतु अंतर्यामी स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्ती आपला देह त्या ओळखीशी जुळावा म्हणून ते घेतात. आपल्याकडील सरकारी योजनेत २०१७ साली आलेल्या ‘अंतरा’ इंजेक्शनात केवळ प्रोजेस्टिन असते. त्यामुळे येथे अनेक जणी दुकानातल्या गर्भनिरोधक गोळ्यांकडे वळतात. वाट वेगळी असली, तरी नैतिक प्रश्न एकच : हे योग्य म्हणावे काय?

पहिला आक्षेप निसर्गाचा. तो फार टिकत नाही. थायरॉईडची गोळी आणि इन्सुलिन हीदेखील बाहेरून घेतलेली संप्रेरकेच आहेत, आणि ती आपल्या घराघरांत आहेत. निसर्गाने दिले तेवढ्यावरच थांबावे, असा नियम आपण स्वतःसाठी कधी मानला नाही. तो दुसऱ्यासाठी मानणे न्याय्य नव्हे.

दुसरा आक्षेप अपायाचा, आणि तो खरा आहे. मासिक जोड-इंजेक्शनात बहुधा ५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल असते. गर्भनिरोधनाला ते पुरते. परंतु स्त्रीकरणाच्या उपचारासाठी २०१७ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत दर दोन आठवड्यांनी ५ ते ३० मिलिग्रॅम अशी मात्रा दिली आहे. परिणाम दिसेना म्हणून कोणी स्वतःच्या मनाने इंजेक्शने वाढवली, तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिनही वाढत जाते. गोळ्यांतील इथिनिल इस्ट्राडायोलने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका अधिक, म्हणून जाणते डॉक्टर या उपचारासाठी ते टाळतात. स्तनांची झालेली वाढ औषध थांबवल्याने मावळत नाही, आणि जननक्षमताही कायमची बाधित होऊ शकते. असा निर्णय रक्ततपासणीवाचून, कोणाशी न बोलता घेणे धोक्याचेच.

पण मग दोष कोणाला द्यावा? निर्णयाची जबाबदारी माणसावर टाकताना त्याच्यापुढे दुसरा मार्ग होता काय, हे आधी पाहावे लागते. पूल बंद करून ठेवायचा आणि तापीच्या पुरात उतरणाऱ्याला अविचारी म्हणायचे, हा न्याय नव्हे. दवाखान्याच्या बाकावर जिच्या शेजारी कोणी बसत नाही, जिला घरातून काढून दिले जाते, ती औषधाच्या दुकानाकडे जाते ते धाडस म्हणून नव्हे; तेवढेच एक दार उघडे असते म्हणून.

देहावर व्यक्तीचा अधिकार आहे, असे मी मानतो. परंतु माहिती आणि शुश्रूषा यांच्यावाचून तो अधिकार अपुरा आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी कोणालाही एकट्याने मिळवता येत नाहीत. त्या समाजानेच पुरवाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने संप्रेरक-उपचारांसह आरोग्यसेवेची तरतूद करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. पण दवाखान्यातील नजर आणि उंबरठ्यावरील शब्द कायदा बदलू शकत नाही.

आपली घराणी या गावी बाहेरून आली. परक्या मुलखात कोणी आपले म्हणणे किती मोलाचे असते, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. घरात बाळ जन्मले की तृतीयपंथीयांचा आशीर्वाद आपण घेतो, ओंजळीत पैसे ठेवतो आणि दार लावून घेतो. उद्या आपल्याच घरातले एखादे मूल हा प्रश्न घेऊन समोर उभे राहिले, तर त्याला आधी डॉक्टरांकडे नेणारा हात आपला असेल काय? याचे उत्तर आजच मनाशी ठरवून ठेवलेले बरे. कारण त्या घटकेला विचार करायला फारसा वेळ मिळत नाही.